रंग शेवटी ठरवा: सांगलीच्या एका पडदेवालीचा सल्ला

पडद्याचं माप घ्यायला मला लोक बोलावतात ते सगळं उरकल्यावर. रंगारी जाऊन आठवडा झालेला असतो, सोफा आलेला असतो, हॉलच्या एका भिंतीला गडद मोरपंखी लागलेला असतो. मग काकू म्हणतात, "आता ह्याच्यावर जाईल असं काहीतरी दाखव बघू." ह्याच्यावर जाईल असं कापड बहुतेक वेळा सापडत नाही. कापड पेठ पालथी घाला, मिरजेत फिरा, इचलकरंजीपर्यंत जाऊन या. मोरपंखीला चालणारं कापड मिळतं तेव्हा ते सोफ्याला चालत नाही. शेवटी सगळे दमतात आणि खिडकीला क्रीम पडदे लागतात.

अठरा वर्षं हेच बघत आलेय. म्हणून आता नवीन घर घेतलेल्यांना पहिल्याच फोनवर सांगते, रंगाऱ्याला थांबवा. कारण साधं आहे. रंगाच्या दुकानात मशीन असतं, तुम्ही बोट ठेवाल ती शेड ते तिथल्या तिथे कालवून देतं. कापड मात्र दुकानात त्या वेळी जे आलंय त्यातूनच निवडावं लागतं. आणि आजीची वाकळ, म्हणजे गोधडी, किंवा पणजोबांचं घंगाळ म्हणाल तर ते एकच, दुसरं मिळायचं नाही. जे बदलत नाही ते आधी धरायचं, थोडंफार बदलतं ते मग, आणि हवं तसं मिळतं ते शेवटी. ठरवायचा क्रम हा. मारायचा क्रम वेगळा, भिंत अर्थातच पडद्याआधी रंगणार.

पहिल्या दिवशी फक्त फरशी आणि ऊन बघा

घरातली सगळ्यात मोठी रंगीत जागा पायाखाली असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. विश्रामबाग, शंभर फुटी रस्ता, कुपवाडकडचे फ्लॅट घ्या, नव्वद टक्के ठिकाणी बिल्डरने दोन बाय दोनच्या क्रीम टाइल्स टाकलेल्या असतात असं माझा टेप तरी सांगतो. पण क्रीम क्रीममध्ये फरक असतो. भरदिवसा, दिवे बंद करून, एक कोरा पांढरा कागद फरशीवर ठेवा. कागदाशेजारी तीच टाइल गुलाबीकडे झुकलेली दिसेल, नाहीतर पिवळ्याकडे, नाहीतर राखाडीकडे. ही झाक वहीत लिहून ठेवा. गुलाबी झाकेच्या फरशीवर पिवळट क्रीम भिंत उभी केली की नवीकोरी भिंत पहिल्या दिवसापासून मळकी दिसते. रंगाऱ्याच्या नावाने बोटं मोडली जातात, चूक फरशीशी न बोलल्याची असते.

जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर नशीबवान आहात. तिचा राखाडी-निळसर रंग विटकरी, गेरू, मोहरी, पितळ या सगळ्यांना सांभाळून घेतो. फक्त तिच्यावर पुन्हा राखाडी भिंत नको, घर पावसाळ्यासारखं वाटतं.

मग उजेड. खिडकी कुठल्या दिशेला आहे ते मोबाइलच्या होकायंत्रात बघा. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन जवळजवळ येत नाही, उजेड सारखा पण थंड असतो. तिथे निळा-राखाडी घेतलात तर खोली उदास होते. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी नारिंगी ऊन शिरतं, तिथला लाल अजून लाल होतो, आणि एप्रिल-मे मध्ये आधीच तापलेल्या भिंतीकडे बघवत नाही. पूर्वेची खोली सकाळी एक आणि दुपारनंतर दुसरीच असते. बेडरूम असेल तर तुम्ही तिथे रात्रीच जास्त असता, तेव्हा उन्हाचा फार विचार करू नका, दिव्याचा करा.

दिशेइतकंच महत्त्वाचं समोर काय आहे ते. माझ्या एका गिऱ्हाईकाची बेडरूम पांढरीशुभ्र रंगवली होती आणि दुपारी दोन ते चार ती गुलाबी दिसायची. त्यांना वाटलं रंगात भेसळ आहे. खिडकी उघडली तर दहा फुटांवर शेजारची इमारत, तिचा बाहेरचा रंग वीटकरी गुलाबी, आणि तिच्यावर आदळलेलं ऊन सगळं या खोलीत येत होतं. दाट पांढरे जाळीचे पडदे लावले तेव्हा कुठे गुलाबी उतरला.

मानाची वस्तू एकच

गणपतीला मानाची जागा असते तशी प्रत्येक खोलीत एकाच वस्तूला द्यायची. आल्यागेल्याची नजर पहिली तिच्यावर जाते आणि बाकीचं सगळं तिच्या मागे उभं राहतं. दोन मानकरी एका खोलीत ठेवले की घरात लग्नाचा हॉल होतो.

आपल्याकडे अडचण अशी की ही जागा टीव्हीने आधीच बळकावलेली असते. टीव्हीच्या भोवती पॅनेल, पॅनेलला पट्ट्या, पट्ट्यांत दिवे, आणि मधे तो काळा आयत. माझं मत विचाराल तर टीव्हीला सजवू नका, लपवा. त्याच्या मागची भिंत गडद करा, म्हणजे बंद टीव्ही भिंतीत मिसळून जातो. मानाची वस्तू समोरच्या भिंतीवर किंवा दारातून पाऊल टाकताच दिसेल अशा जागी लावा.

वस्तू विकत आणायलाच हवी असं नाही. माळ्यावर आधी चढा. आमच्या भागात बहुतेक घरांत एक तरी वाकळ असते, जुन्या नऊवारींची, हाताने धावदोरा घातलेली. बाहेरच्या कडेने सुरू झालेला टाका फिरत फिरत मध्यावर येतो, आणि कुठल्यातरी कोपऱ्यात शिवणारीने उरलेला लाल तुकडा ठिगळासारखा लावलेला असतो. अशी वाकळ भिंतीवर टांगली की तिच्यासमोर कुठलंही छापील चित्र फिकं पडतं.

टांगायची मात्र नीट. खिळे ठोकू नका, जुनं सुती कापड खिळ्याशी फाटत जातं. मागच्या बाजूला वरच्या कडेला चार इंच रुंद कापडाची नळी हाताने शिवायची, वाकळीच्या पूर्ण रुंदीची. टाका मागच्या थरातून घ्यायचा आणि दर थोड्या अंतरावर एकदा आतल्या थरापर्यंत न्यायचा, म्हणजे वजन एका रेषेत न पडता वाटलं जातं. नळीतून पडद्याचा रॉड घालायचा. थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर लावायची नाही, रंग उडतो. वर्षातून दोनदा उतरवून सावलीत झटकायची. धुवायची असेल तर टांगण्याआधी, आणि एका कोपऱ्याला ओला पांढरा कपडा दाबून रंग सुटतो का ते बघून.

मिरज जवळ आहे म्हणून तंबोऱ्याचंही सांगते. सतारमेकर गल्लीत पिढ्यानपिढ्या सतारी आणि तंबोरे घडतात, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. घरात कुणाचा तरी जुना, आता न वाजणारा तंबोरा असेल तर त्याच्याइतकी देखणी वस्तू दुसरी नाही. पण भोपळा पोकळ आणि नाजूक असतो, मुलं पळतात त्या वाटेत उभा करायचा नाही. ओल असलेल्या भिंतीला टेकवायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही. वाजवत नसाल तर तारा थोड्या सैल करून घ्या, आणि ते कारागिराकडूनच. वाजणारा तंबोरा असेल तर शोभेचा विचार सोडा. त्याला गवसणी, म्हणजे कापडाची खोळ, घालून ठेवा. गवसण्या मी शिवते, खणाची गवसणी घातलेला तंबोरा कोपऱ्यात उभा असला तरी खोलीत तोच दिसतो.

झोपाळ्याची हौस अनेकांना असते. पितळी कड्यांचा, शिसवी फळीचा झोपाळा हॉलमध्ये असला की दुसरं काही लागत नाही, हे खरं. पण त्याला पुढे-मागे प्रत्येकी अडीच-तीन फूट मोकळी जागा लागते. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये तो लावला की सोफा भिंतीला चिकटतो आणि माणसं झोपाळ्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जातात. हूक स्लॅब टाकतानाच सळईला बांधून घेतलेला असेल तर उत्तम. नंतर बसवायचा असेल तर इंजिनिअरला दाखवूनच, फॉल्स सीलिंगच्या पट्टीला तर मुळीच नाही.

चित्र किंवा फ्रेम लावताना एक चूक सगळीकडे दिसते, फार उंच लावतात. उभ्या माणसासाठी चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर हवा. आपल्याकडे माणसं दिवाणावर, गादीवर, खाली बसतात. तसं घर असेल तर आणखी चार-सहा इंच खाली आणा. सोफ्यावर लावताय तर सोफ्याच्या पाठीपासून सहा-आठ इंच जागा सोडा आणि रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास ठेवा. भल्यामोठ्या सोफ्यावर एवढुशी फ्रेम म्हणजे मोठ्या कपाळावर बारीक टिकली.

नदीकाठच्या लोकांसाठी वेगळं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी ४५ फुटांना धोक्याची पातळी गाठतं, २०१९ ला ते ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं, आणि २००५, २०१९, २०२१ ही महापुराची तीन सालं नदीकाठच्या गावभागातलं शेंबडं पोरही सांगतं. तिथे तळमजल्यावर राहत असाल तर मानाची वस्तू दोन माणसांनी पाच मिनिटांत वर नेता येईल अशीच असावी. वाकळ गुंडाळून काखेत मारता येते. शिसवी कपाट नाही येत.

कापड आणि नक्षी

नक्षी नक्षीवर नको, एवढंच लोकांना माहीत असतं, आणि मग घाबरून सगळं साधं घेतात. खरं तर तीन नक्ष्या एका खोलीत सुखाने राहतात, त्यांची मापं वेगळी असली की झालं. एक मोठी, हाताच्या पंजापेक्षा मोठी. एक मधली. एक अगदी बारीक, जी चार पावलांवरून साधी वाटते. एकाच मापाच्या दोन नक्ष्या शेजारी आल्या की भांडण होतं. आणि तिघींत एक तरी रंग समान हवा.

दारातली ठिपक्यांची रांगोळी आठवा. रेघा कितीही वळल्या तरी डोळ्याला ती शांत वाटते, कारण मधली जागा कोरी असते. खोलीतही नक्षीच्या दुप्पट कोरी जागा ठेवा. म्हणजे पडदे नक्षीचे असतील तर सोफा साधा. सोफा फुलाफुलांचा असेल, बिल्डरच्या ओळखीच्या दुकानातून आलेला असतोच, तर पडदे त्यातल्या सगळ्यात फिक्या रंगाचे साधे.

खण सध्या सगळ्यांना हवा असतो. काठाचा, बारीक बुट्टीचा, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण फार सुंदर दिसतो, पण मुळात तो चोळीचं कापड आहे. पन्हा (कापडाची रुंदी) कमी, म्हणजे पूर्ण पडद्याला जोडावर जोड द्यावी लागते. धुतल्यावर काही खणांचा रंग सुटतो. माझ्याकडे कुणी पूर्ण खणाचे पडदे मागितले की मी नको म्हणते. साध्या सुती पडद्याच्या खालच्या कडेला दहा इंच खणाची पट्टी लावा, उशीच्या खोळी करा, टेबलावर लांब पट्टा घाला. थोडक्यात उठून दिसतो तो.

आता पडद्याचा हिशोब, कारण इथे दुकानात फसवणूक होत नाही तर आपणच फसतो. समजा खिडकी पाच फूट रुंद आहे. रॉड दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर काढा, म्हणजे रॉड सहा फूट. पडदा उघडला की कापड भिंतीवर जातं आणि काचेवरून पूर्ण उजेड येतो. चुणी बरी पडायला रॉडच्या दुप्पट कापड लागतं, म्हणजे बारा फूट. ४८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर चार फुटांच्या तीन पट्ट्या. उंची रॉडपासून जमिनीपर्यंत साडेसात फूट असेल तर वर-खाली मुडपायला एक फूट धरा, साडेआठ फूट. तीन पट्ट्यांचे साडेपंचवीस फूट, म्हणजे पावणेआठ मीटरच्या थोडं वर. दुकानदार आठ मीटर देतो, बरोबर देतो.

हे साध्या कापडाचं झालं. मोठ्या नक्षीच्या कापडात नक्षी पुन्हा पहिल्यापासून किती अंतरावर सुरू होते ते टेपने मोजा. ती दोन फुटांवर सुरू होत असेल तर प्रत्येक पट्टी दोनच्या पटीतच कापावी लागते, नाहीतर एका पट्टीतलं कमळ दुसऱ्या पट्टीतल्या देठाला भेटतं. साडेआठच्या जागी दहा फूट, तीन पट्ट्यांचे तीस, म्हणजे नऊ मीटरच्या वर. साडेनऊ घ्या. आठ मीटर आणून माझ्यापुढे ठेवतात तेव्हा माझ्या हातात काही नसतं.

रॉड खिडकीच्या चौकटीला चिकटून नको, चार-सहा इंच वर. आणि पडदा जमिनीला टेकावा किंवा अर्धा इंच वर असावा. खिडकीच्या कठड्यापर्यंतचा अर्धा पडदा हॉलमध्ये आखूड झालेल्या परकरासारखा दिसतो. स्वयंपाकघरात चालतो, तिथे तो तसाच हवा.

आता रंग

मानाची वस्तू आणि पडद्याच्या कापडाचा तुकडा दिवसाच्या उजेडात जमिनीवर पसरा. समजा वाकळीत लाल भरपूर आहे, त्याखालोखाल निळा, थोडा मोहरी, आणि धुऊन धुऊन विटलेला पांढरा. नवखा माणूस म्हणतो, लाल जास्त आहे तर भिंत लाल करू. मग वाकळ भिंतीत बुडते. भिंतीला वस्तूतला सगळ्यात फिका रंग द्यायचा, इथे तो विटका पांढरा. निळा पडद्यांना. मोहरी दोन उशांना. लाल कुणालाच नाही, तो वाकळीचा एकटीचा.

किती कुठे, हा हिशोब इरकलीसारखा धरा. साडीचं अंग सगळ्यात जास्त, पदर-काठ त्याच्या निम्मे, आणि चोळीचा ठिपका सगळ्यात थोडा. पुस्तकात साठ, तीस, दहा टक्के लिहितात ते हेच. टेप घेऊन मोजत बसू नका.

एक गोष्ट मात्र डोळ्याने पटत नाही तोवर कुणी मानत नाही. रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर टांगायची विणीतली चित्रं तयार व्हायची. तिथला रंगाईचा विभाग मिशेल युजीन शेवरूल नावाचा रसायनशास्त्रज्ञ बघायचा. तक्रार आली की काळा धागा फिका पडतोय, रंगाई खराब आहे. शेवरूलने धागा तपासला, तो उत्तम काळा होता. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला की तोच काळा मेलेला दिसायचा. या शोधावर त्याने १८३९ मध्ये मोठा ग्रंथ छापला. मी तो वाचलेला नाही, पण आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या तरी हॉलमध्ये त्याची प्रचिती येते. दुकानात राखाडी म्हणून घेतलेला पडदा नारिंगी भिंतीशेजारी निळसर होतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, ताई, कापड बदललं का?

माझी स्वतःची चूकही सांगून टाकते. सांगलीचं आणि हळदीचं नातं काय सांगायचं, इथला बाजार, हळद साठवायची हरिपूरची जमिनीतली पेवं, २०१८ ला हळदीला मिळालेलं मानांकन. सांगलीच्या खणभागातल्या आमच्या हॉलला हळदीचाच रंग द्यायचा हे मी मनाशी पक्कं केलेलं. शेडकार्डावरचा चौकोन बोटाएवढा, राजापुरी हळकुंड मोडल्यावर आत दिसतो तसा. चारी भिंती मारल्या. दिवसा खोलीत पाऊल टाकलं की डोळे मिटायचे. रात्री ट्यूब लावली की तीच हळद कच्च्या लिंबासारखी हिरवट. नवरा तीन महिने हॉलमध्ये जेवला नाही, आत ताट घेऊन बसायचा.

झालं काय ते नंतर कळलं. बोटाएवढ्या चौकोनातला रंग भिंतभर पसरला की जास्त भडक दिसतो. त्यात समोरासमोरच्या पिवळ्या भिंती एकमेकींवर पिवळा उजेड फेकतात, म्हणजे रंग आणखी चढतो. आणि थंड पांढरी ट्यूब पिवळ्यातली ऊब काढून घेते. म्हणून कार्डावर आवडलेल्या शेडपेक्षा एक-दोन घरं फिकी घ्या, आणि तिखट रंग एकाच भिंतीला. काही शेडकार्डांवर मागे एलआरव्ही नावाचा आकडा असतो, शून्य ते शंभर. जितका मोठा आकडा, तितका उजेड भिंत परत करते. पांढरा ऐंशीच्या वर असतो. अंधाऱ्या खोलीला साठच्या वरचं बघा.

डबा घेण्याआधी नमुना करा, पण भिंतीवर नको. भिंतीवर जुन्या रंगाची झाक येते आणि नंतर तो चौकोन नव्या रंगाखालूनही उमटतो. दोन बाय दोन फुटांचा हार्डबोर्ड घ्या, प्रायमर, मग दोन हात, कडेला इंचभर पांढरा सोडून. वाळला की उभा धरून खोलीत फिरवा. आडवा ठेवून बघू नका, भिंत आडवी नसते. सकाळी आठला, दुपारी, संध्याकाळी, आणि रात्री दिवे लावून. शेजारी कापडाचा तुकडा, खाली फरशी. दोन दिवस जातात, जाऊ द्यात.

रंग किती लागेल? दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंची. चार भिंतींचे ४४० चौरस फूट. दार २१, खिडकी २० वजा केलं की साधारण ४००. चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना गुळगुळीत पुट्टीवर १२० ते १४० चौरस फूट जातो, म्हणजे साधारण तीन ते साडेतीन लिटर. बारा फुटांची एकच भिंत असेल तर एक लिटरात जेमतेम होते. सगळा रंग एकाच वेळी कालवून घ्या. अर्ध्यात संपला आणि दुसऱ्या दिवशी परत मशीनवर काढला तर बारीक फरक येऊ शकतो, आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो. नवीन बांधकाम असेल तर प्लास्टर पुरतं वाळू द्या, निदान महिनाभर. बिल्डरला घाई असते, भिंतीला नसते.

गावभागातल्या जुन्या भिंतींचं प्रकरण निराळं. पुराचं पाणी पिऊन बसलेल्या विटा-मातीच्या भिंतीला लोणा लागतो, पांढरी भुकटी बाहेर येते. तिच्यावर पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट मारला की आतली ओल कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. तिथे सैल झालेलं सगळं खरवडून भिंतीला एक उन्हाळा मोकळा द्या आणि चुना लावा, चुन्यातून भिंत श्वास घेते. चुन्यात गेरू, पिवडी कालवून येणारा रंग थोडा उणाअधिक, ढगासारखा उमटतो. मला तो कुठल्याही डब्यापेक्षा आवडतो.

दिवे आणि शेवटची कामं

बल्ब घेताना खोक्यावर केल्विनचा आकडा बघा. २७०० ते ३००० पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. हॉल आणि बेडरूमला ३०००, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ४०००. एकाच खोलीत दोन जातीचे बल्ब नकोत, अर्धी भिंत एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्या रंगाची होते. रंगाचा नमुना ज्या बल्बखाली पास केलात तोच बल्ब लावा.

भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नाही, तिथे वरचं सगळं विसरा आणि पैसे कापडावर आणि एका चांगल्या वस्तूवर घाला, दोन्ही सामानाबरोबर पुढच्या घरी येतात. पडदे मात्र दीड फूट जास्त उंचीचे शिवून घ्या आणि जास्तीचं खाली मुडपून ठेवा. पुढच्या घराची खिडकी मोठी निघतेच.

स्वतःच्या घरात कामं या ओळीने करा: वायरिंग आणि हूक, पुट्टी, प्रायमर, रंगाचा पहिला हात, मग रॉड आणि फ्रेमसाठी भोकं, मग दुसरा हात, सगळ्यात शेवटी पडदे. भोकं शेवटी पाडली तर विटेची लाल धूळ ताज्या रंगावर बसते आणि पुसताना पसरते. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, आणि शेडचा नंबर व तारीख लॉफ्टच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहा. चिठ्ठी हरवते, दार हरवत नाही. आमच्या दारावर चार नंबर आहेत. त्यातल्या पहिल्या, हळदीच्या नंबरापुढे नवऱ्याने पेन्सिलने लिहिलंय, "हा नको."